सराउंड स्पीकर कुठे ठेवायचे? कोपऱ्यापासून नको, कानापासून मोजा

होम थिएटरच्या खोक्यातून निघणाऱ्या माहितीपत्रकावर एक चित्र हमखास असतं. चौकोनी मोकळी खोली, बरोबर मधोमध सोफा आणि त्याच्याभोवती ऐसपैस मांडलेले पाच स्पीकर. त्या खोलीला दार नसतं, खिडकी नसते, कपाट नसतं. प्रत्यक्षातल्या दिवाणखान्यात सोफा भिंतीला टेकलेला असतो, एका बाजूला भिंत असते तर दुसरी बाजू जेवणाच्या टेबलाकडे मोकळी सुटलेली असते. पुढचे तीन स्पीकर टीव्हीच्या आसपास सहज बसतात. उरलेले दोन, म्हणजे सराउंड, हातात घेऊन माणूस खोलीभर फिरतो. शेवटी ते मागच्या दोन कोपऱ्यांत छताजवळ टांगले जातात, कारण तिथे ते कुणाच्या वाटेत येत नाहीत.

ही मांडणी सर्रास दिसते आणि बहुतेक वेळा ती चुकीची असते. स्पीकर वाईट असतात असं नाही. खोलीचा आकार बघून जागा ठरवली जाते, आणि खोलीत बसून ऐकणाऱ्याचे कान विचारातच घेतले जात नाहीत.

५.१ म्हणजे काय

आधी शब्द समजून घेऊ. ५.१ मधले पाच म्हणजे समोरचा डावा, समोरचा उजवा, त्यांच्या मधला सेंटर आणि दोन सराउंड. बिंदूनंतरचा एक म्हणजे सबवूफर, फक्त खोल, दणदणीत आवाजांसाठी. या प्रत्येकाला आपापला आवाज वाटून देणारं यंत्र म्हणजे रिसीव्हर. टीव्ही बघताना तुम्ही नेहमी जिथे बसता त्या जागेला या लेखात मुख्य जागा म्हणू. सगळी मापं तिथून घ्यायची आहेत.

संवाद जवळजवळ सगळे सेंटरमधून येतात. सराउंडचं काम वेगळं आहे. पाऊस, गर्दीचा गलका, मोठ्या दालनात घुमणारा आवाज, रात्रीची किरकिर, गाण्यामागची आस. अधूनमधून एखादी गाडी मागून पुढे जाते तेव्हा तेच काम करतात, पण तो अपवाद. चित्रपटाच्या बऱ्याचशा वेळात तुम्हाला ते स्पीकर वाजताहेत हे जाणवू नये, फक्त आपण त्या जागी आहोत असं वाटावं. जागा ठरवताना ही गोष्ट विसरली, की पुढची सगळी गणितं बिघडतात.

कानाला दिशा कशी कळते

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला किंचित उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, साधारण ०.७ मिलिसेकंद असतो. तरीही मेंदू तो पकडतो. शिवाय मधे डोकं येतं, त्यामुळे दूरच्या कानाला बारीक, तीक्ष्ण आवाज कमी ऐकू येतात. वेळेतला फरक आणि जोरातला फरक, या दोन खुणांवर आपण डावं-उजवं ओळखतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडलं.

आता एक अडचण बघा. अगदी समोरचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी पोचतो. अगदी पाठीमागचा आवाजसुद्धा दोन्ही कानांना एकाच वेळी पोचतो. म्हणजे दोन्ही खुणा निकामी. मग मेंदूपुढे बाह्यकर्णाच्या वळ्यांमुळे आवाजात होणारा सूक्ष्म बदल उरतो, किंवा मान थोडी वळवून घेतलेला अंदाज. म्हणून बरोबर डोक्यामागे ठेवलेल्या स्पीकरचा आवाज कधीकधी चक्क समोरून आल्यासारखा वाटतो.

याउलट, बाजूने येणारे आवाज दोन्ही कानांना सर्वांत वेगळे ऐकू येतात. आपण आवाजाने वेढले गेलो आहोत ही भावना याच वेगळेपणातून निर्माण होते. संगीताच्या सभागृहांतही बाजूच्या भिंतींवरून परतणाऱ्या आवाजाला मोठं महत्त्व देतात, ते याचमुळे. थोडक्यात, सराउंड हे नावाने 'मागचे' स्पीकर असले तरी मनाने बाजूचे आहेत.

स्वतःला घड्याळाच्या मधोमध बसवा

जमिनीवर घड्याळाची मोठी तबकडी आखली आहे, तुम्ही तिच्या केंद्रावर बसला आहात आणि तोंड बाराकडे, म्हणजे टीव्हीकडे आहे, असं समजा. घड्याळातला प्रत्येक तास ३० अंशांचा असतो, त्यामुळे अंश पाठ करायची गरज उरत नाही. सेंटर बारावर. समोरचा उजवा एकवर, समोरचा डावा अकरावर. सराउंड तीन आणि चारच्या मधे, चारकडे थोडे झुकलेले, आणि त्याच हिशेबाने दुसऱ्या बाजूला आठ आणि नऊच्या मधे.

हे मनाचे आकडे नाहीत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस.७७५ या शिफारशीत समोरचे स्पीकर मध्यरेषेपासून ३० अंशांवर आणि सराउंड १०० ते १२० अंशांच्या पट्ट्यात सांगितले आहेत. पट्टा आहे, एकच बिंदू नाही, हे लक्षात ठेवा. घरात हीच सवलत कामी येते.

घरी मोजायला कोनमापक लागत नाही. मुख्य जागेवर सरळ बसा, दोन्ही हात बाजूंना ताणा. तुमचे हात तीन आणि नऊ दाखवताहेत. आता त्या रेषेपासून स्पीकर किती मागे न्यायचा ते बघू. कान आणि बाजूच्या भिंतीत २ मीटर अंतर असेल, तर भिंतीवर साधारण ३५ सेंटीमीटर मागे गेलात की १०० अंश, ७३ सेंटीमीटर मागे गेलात की ११० अंश आणि सव्वा मीटरला थोडं कमी गेलात की १२० अंश. भिंत १ मीटरवर असेल तर हीच अंतरं निम्मी करा.

याहून मागे का नको? आवाज दोन स्पीकरच्या मधून आल्याचा भास निर्माण करणं ही सगळ्या स्टिरिओची करामत. समोरच्या जोडीत एक स्पीकर डाव्या कानाजवळ, एक उजव्या कानाजवळ, म्हणून हा भास घट्ट बसतो. पण समोरचा उजवा आणि उजवा सराउंड ही जोडी डोक्याच्या एकाच बाजूला असते. तिथे मधला आवाज एका जागी टिकत नाही, पटकन या किंवा त्या स्पीकरला चिकटतो. त्या दोघांमधलं अंतर जितकं वाढवाल तितकी बाजूची पोकळी मोठी होते, आणि मागून पुढे जाणारी गाडी मधेच गायब होऊन पुढे उगवते.

कोपऱ्यात ठेवले तर काय बिघडतं?

३.६ मीटर रुंद खोलीच्या मध्यरेषेवर तुम्ही बसला आहात आणि मागची भिंत कानापासून १.८ मीटरवर आहे, असं धरा. मागचा कोपरा बरोबर १३५ अंशांवर येतो, म्हणजे साडेचार वाजता. शिफारशीच्या पट्ट्याबाहेर. शिवाय कोपऱ्यात दोन भिंती आणि छत असे तीन पृष्ठभाग एकत्र येतात, त्यामुळे स्पीकरचा खालचा स्वर फुगतो आणि आवाज घुमू लागतो.

मग कोपऱ्याचा आणि छताजवळचा सल्ला आला कुठून? त्यामागे इतिहास आहे, आणि तो कळला की परस्परविरोधी सल्ल्यांचा गोंधळ बराच सुटतो. डॉल्बी कंपनीची डॉल्बी सराउंड ही पद्धत घरांत १९८२ मध्ये आली. त्यात मागच्या दोन्ही स्पीकरना एकच आवाज जायचा, तोही साधारण ७,००० हर्ट्झच्या (सेकंदाला तितक्या कंपनांच्या) वरचे बारीक स्वर कापलेला. सेंटरमधले संवाद त्यात झिरपू नयेत, झिरपले तरी कानाने ते समोरचेच मानावेत, म्हणून तो आवाज मुद्दाम काही मिलिसेकंद उशिरा सोडत. अशा आवाजाला नेमकी दिशा नव्हतीच. त्याला उंचावर, अडनिड्या जागी टांगून पसरवणं हाच शहाणपणा होता. १९९० च्या दशकात ५.१ आलं, डाव्या-उजव्या सराउंडना स्वतंत्र, पूर्ण पल्ल्याचे आवाज मिळू लागले, आणि जागेचं महत्त्व वाढलं. सल्ला मात्र बराचसा जुनाच फिरत राहिला.

"पण आमचा सोफा भिंतीलाच टेकलेला आहे"

बहुतेकांचा असतो, आणि यात घाबरण्यासारखं काही नाही. सोफ्याची पाठ भिंतीला लागली तरी बसलेल्या माणसाचे कान भिंतीपासून साधारण ३० ते ४० सेंटीमीटर पुढे असतात. मघाचं गणित आठवा: बाजूची भिंत २ मीटरवर असेल तर ३५ सेंटीमीटर मागे म्हणजे १०० अंश. म्हणजे बाजूच्या भिंतीवर, मागच्या भिंतीच्या अगदी जवळ लावलेला स्पीकर शिफारशीच्या पट्ट्यात बसतो. बाजूची भिंत जवळ असेल तर ११० अंशसुद्धा मिळतात.

करू नये ते एकच: सराउंड मागच्या भिंतीवर, सोफ्याच्या वर, डोक्यामागे लावू नका. तिथे तो कानाला इतका जवळ येतो की पाऊस पडतोय असं वाटण्याऐवजी मानेमागे एक खोकं वाजतंय असं वाटतं. बाजूच्या भिंतीच उपलब्ध नसतील तर मागच्या भिंतीवर सोफ्याच्या दोन टोकांच्याही पलीकडे, जितकं बाहेर जाता येईल तितकं जा.

जमलं तर सोफा भिंतीपासून थोडा पुढे घ्या. एक वीत सरकवला तरी फरक पडतो. भिंतीलगत खालचे स्वर उगाच वाढतात, आणि डोक्यामागच्या भिंतीवर आपटून परतलेला आवाज मूळ आवाजात लगेच मिसळून त्याचा नेमकेपणा घालवतो. सोफा हलवणं शक्यच नसेल तर डोक्यामागच्या भिंतीवर जाड कापडी काहीतरी टांगा. त्याने खालचे स्वर थांबत नाहीत, पण वरच्या स्वरांची चकाकी शमते.

"एका बाजूला भिंतच नाही"

स्टँड वापरा, किंवा छतापासून दांडी सोडून स्पीकर टांगा. इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा: दोन्ही सराउंड सारख्याच अंतरावर असण्याची सक्ती नाही. आवाजाला एक मीटर कापायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचं अंतर भरता येतं, आणि ते भरलं की रिसीव्हर जवळच्या स्पीकरचा आवाज तेवढा रोखून धरतो आणि जोरही जुळवता येतो. उजवा भिंतीवर दीड मीटरवर आणि डावा स्टँडवर सव्वादोन मीटरवर असला तरी चालेल. कोन आणि उंची मात्र दोघांची शक्य तितकी सारखी ठेवा. एक कानाच्या पातळीला आणि दुसरा छताला लागून, ही जोडी कधीच नीट जमत नाही.

मोकळ्या बाजूला भिंतीवरून परतणारा आवाज नसतो, त्यामुळे तो स्पीकर थोडा कोरडा आणि हलका वाटतो. तो अर्धा-एक डेसिबल (आवाजाचा जोर मोजायचं एकक) वाढवून बघायला हरकत नाही.

उंची किती ठेवायची?

एकट्याने बघणाऱ्यासाठी उत्तर सोपं आहे: कानाच्या पातळीला किंवा किंचित वर. पण सोफ्यावर तिघं बसतात, आणि खरा प्रश्न टोकाला बसणाऱ्याचा असतो. समजा उजवा सराउंड त्या माणसाच्या कानापासून ६० सेंटीमीटरवर आहे आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाच्या माणसापासून २.४ मीटरवर. अंतर चौपट. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे या दोघांत १२ डेसिबलचा फरक. खोलीत भिंतींमुळे हा फरक थोडा कमी होतो, तरी टोकाच्या माणसाला डावा सराउंड असून नसल्यासारखा.

आता तोच स्पीकर कानापेक्षा ६० सेंटीमीटर वर न्या. जवळच्या माणसापासूनचं तिरपं अंतर ८५ सेंटीमीटर होतं, लांबच्याचं मात्र जेमतेम बदलतं. फरक ९ डेसिबलच्या आसपास येतो. त्यातच स्पीकरचं तोंड जवळच्या माणसाकडे न ठेवता सोफ्याच्या दुसऱ्या टोकाकडे वळवा. स्पीकरचे वरचे स्वर त्याच्या तोंडासमोर सर्वांत ठळक असतात, त्यामुळे लांबच्याला ते थेट मिळतात आणि जवळच्याला थोडे मवाळ. घरात चार माणसं बसून बघणार असतील तर ही छोटीशी फिरवाफिरव महागड्या स्पीकरपेक्षा जास्त उपयोगी पडते, असं माझं ठाम मत आहे.

याला एक मर्यादा आहे. डॉल्बी ॲटमॉससारखी पद्धत, जी चित्रपटगृहांत २०१२ मध्ये आणि घरांत २०१४ मध्ये आली, छतावरचे स्पीकर वेगळे वापरते. तुमच्याकडे छतावरचे स्पीकर असतील तर सराउंड कानाच्या पातळीजवळच ठेवा. ते वर गेले की 'बाजूचा' आणि 'वरचा' आवाज यांत अंतरच उरत नाही आणि वरच्या स्पीकरचा खर्च वाया जातो. फक्त शेजाऱ्याचं डोकं किंवा सोफ्याची उंच पाठ मधे येणार नाही इतकं वर घ्या.

"रिसीव्हर मायक्रोफोन लावून सगळं आपोआप जुळवतो ना?"

बरंच जुळवतो. प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजतो, जोर सारखा करतो, खोलीने फुगवलेले काही स्वर दाबतो. पण स्पीकर कोणत्या दिशेला आहे ते तो बदलू शकत नाही. साडेचार वाजताचा स्पीकर तो पावणेचारला आणू शकत नाही, आणि कपाटाआड लपलेल्या स्पीकरचे अडलेले वरचे स्वर नीट परत आणू शकत नाही. म्हणून क्रम असा: आधी जागा, मग मायक्रोफोन. जागा बदलली की मोजणी पुन्हा करा. मोजताना मायक्रोफोन कानाच्या उंचीवर ठेवा, सोफ्याच्या गादीवर नको.

"मागून काही ऐकूच येत नाही, बिघडलेत का?"

ही तक्रार फार येते. बहुतेक वेळा बिघाड नसतो. कित्येक कार्यक्रम मुळातच दोन वाहिन्यांचे, साध्या स्टिरिओचे असतात, त्यात सराउंडसाठी काही नसतंच. आणि ५.१ चित्रपटातही संवादाच्या शांत प्रसंगात ते जवळजवळ गप्प असतात. रिसीव्हरच्या मेन्यूत चाचणीचा आवाज असतो, तो एकेका स्पीकरमधून वाजवून बघा. सगळीकडून मुख्य जागेवर सारखाच जोर आला पाहिजे. फोनवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपचा आकडा अचूक नसेल, पण पाचही स्पीकर एकमेकांशी ताडून बघायला तो पुरतो.

खर्च केला आहे तर ऐकू आलंच पाहिजे, म्हणून सराउंडचा जोर वाढवायचा मोह होतो. तो टाळा. पहिले दोन दिवस गंमत वाटते, मग लक्ष सारखं पडद्यावरून उडून बाजूच्या भिंतीकडे जातं.

पाच पुरेत की सात हवेत?

७.१ मध्ये बाजूचे दोन सराउंड तीन आणि नऊच्या जवळपास येतात आणि मागे आणखी दोन जोडले जातात, साधारण पाच आणि सात वाजता. मागे किमान एक-दीड मीटर मोकळी जागा असेल तर हे खरंच सुंदर ऐकू येतं, बाजू आणि मागचा भाग वेगवेगळे उमलतात. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर सातच्या नादाला लागू नका. पाच नीट लावा. उरलेल्या पैशांत सेंटर चांगला घ्या, कारण कथा त्यातूनच कळते.

सबवूफरचं मात्र सगळंच निराळं. ८० हर्ट्झच्या आवाजाची लहर चार मीटरहून लांब असते, तिच्यापुढे दोन कानांमधलं अंतर नगण्य, म्हणून इतक्या खोल आवाजाची दिशा कळत नाही. त्याला घड्याळाचा नियम लागू नाही. तो खोलीत कुठे घुमतो आणि कुठे हरवतो एवढंच बघायचं. सबवूफर उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवा, खालच्या स्वरांचं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे आवाज भरीव पण स्वच्छ वाटेल तिथे सबवूफर ठेवा.

भिंतीला भोक पाडण्याआधी

स्पीकर आधी उंच स्टुलांवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर ठेवून चार-पाच दिवस ऐका. पाऊस किंवा गर्दी असलेला प्रसंग लावा आणि डोळे मिटून बघा: बोट दाखवून 'तो तिथे वाजतोय' असं सांगता येत असेल, तर स्पीकर फार जवळ आहे, फार जोरात आहे किंवा थेट कानावर रोखलेला आहे. वीस-तीस सेंटीमीटर सरकवून, तोंड फिरवून पुन्हा ऐका. सोफ्याच्या टोकालाही बसून बघा.

वायर जोडताना दोन्ही टोकांना अधिकला अधिक आणि उणेला उणे जुळलंय ना ते तपासा. पाचांपैकी एका स्पीकरची जोडणी उलटी झाली तरी त्याचा पडदा इतरांच्या उलट हलतो, खालचे स्वर एकमेकांना खातात आणि आवाज कुठूनच आल्यासारखा वाटत नाही. जागा अचूक असूनही आवाज पोकळ वाटला, तर स्पीकर हलवण्याआधी हीच तपासणी करा.